जुनं पायथॉन 'बंद' झालं म्हणजे नेमकं काय झालं?

१ जानेवारी २०२० रोजी पायथॉन २ या संगणक भाषेची अधिकृत मुदत संपली. त्या दिवशी कुणाचाही प्रोग्राम बंद पडला नाही. कॉलेजच्या लॅबमधला, ऑफिसातला जुना कोड आदल्या दिवशीसारखाच चालला. मग संपलं काय?

संपली ती दुरुस्ती. पुढे सुरक्षेत एखादं भोक सापडलं, तर ते बुजवायची जबाबदारी पायथॉन बनवणाऱ्यांवर राहिली नाही. एप्रिल २०२० मध्ये २.७.१८ ही शेवटची आवृत्ती निघाली आणि खातं मिटलं.

हे काही अचानक झालं नव्हतं. पायथॉन ३ डिसेंबर २००८ मध्येच आलं होतं. जुन्याची मुदत आधी २०१५ पर्यंत होती. लोक हलेनात म्हणून २०१४ मध्ये ती पाच वर्षांनी वाढवली.

लोक हलत नव्हते, कारण जुना कोड नव्यात जसाच्या तसा चालत नाही. प्रिंटला कंस लावणं सोपं. न लावल्यास लगेच एरर येते. पण सात भागिले दोन केले की जुनं पायथॉन ३ सांगायचं, नवं ३.५ सांगतं. इथे एरर येतच नाही, हिशेब मात्र गुपचूप बदलतो. अक्षरांचंही तसंच. 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली तर जुनं पायथॉन यूटीएफ-८ मधले बाइट मोजून १५ सांगायचं. नवं ५ सांगतं, कारण काना आणि वेलांटी ते वेगळी धरतं. शाळेतल्या बाई तीनच म्हणतील, पण १५ पेक्षा ५ बरे!

खरी ओढाताण झाली ती लायब्ररी सांभाळणाऱ्यांची. यातले बरेच जण पगाराशिवाय, रात्री-रविवारी काम करणारे. प्रत्येक बदल दोन्ही पायथॉनवर तपासायचा, आणि नव्या भाषेतल्या सोयी जुन्यासाठी वापरायच्या नाहीत. जांगोने डिसेंबर २०१७ मध्ये २.० आवृत्तीपासून, तर नमपायने जुलै २०१९ मध्ये १.१७ पासून हे दुहेरी ओझं उतरवलं. त्यांना दोष देता येत नाही.

मात्र ओझं उतरवायचीही रीत असते. पिप हे साधन सहसा सर्वांत नवं पॅकेज उतरवून घेतं. जुन्या पायथॉनवर ते आलं की चालू काम मोडलंच म्हणायचं. म्हणून पॅकेजवर 'किमान अमुक पायथॉन हवं' अशी खूण लिहायची सोय झाली. पिप ९ पासून ती वाचली जाते आणि जुन्या मशीनला त्याला चालणारं जुनंच पॅकेज मिळतं. आयपायथॉनने एप्रिल २०१७ मध्ये ६.० काढताना हीच खूण वापरली. त्याआधीचं पिप असेल तर मात्र खुणेचा काही उपयोग नाही.

ज्यांना हलणं जमलंच नाही, त्यांच्यासाठी विकतची वाट होती. रेड हॅटने आपल्या ग्राहकांसाठी २.७ जून २०२४ पर्यंत सांभाळलं.

आता एवढी मोठी उडी नाही. पायथॉनची नवी आवृत्ती दरवर्षी येते आणि साधारण पाच वर्षं सांभाळली जाते. ३.९ ची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली, ३.१० ची ऑक्टोबर २०२६ मध्ये संपायची आहे. लायब्ऱ्या तर त्याआधीच हात काढून घेतात. नमपायचं धोरण तर पाच वर्षांपेक्षा कमी मुदतीचं आहे. त्यामुळे प्रोजेक्ट जमा करताना कोडसोबत पायथॉनचा आणि प्रत्येक पॅकेजचा आवृत्ती क्रमांक लिहून ठेवावा. दोन वर्षांनी तोच कोड उघडणाऱ्या ज्युनिअरला आधी तेच लागतं.