ध्रुवप्रकाश पाहायला निघण्यापूर्वी

नाताळची सुट्टी जवळ आली, की बंगळूरच्या मित्रमंडळींत सहलीचे बेत रंगू लागतात. कूर्ग, उटी पाहून झालेले असते. मग कुणीतरी नॉर्वेतील ट्रोम्सोचे नाव काढतो. रात्रीच्या आकाशात हिरव्या झालरीसारखा हलणारा ध्रुवप्रकाश पाहायचा असतो! पण खर्च लाखांच्या घरात जातो. म्हणून हा प्रकाश कसा आणि केव्हा दिसतो, हे आधीच समजून घेतलेले बरे.

ध्रुवप्रकाशाचे मूळ सूर्यात आहे. सूर्यावर मोठा उद्रेक झाला, की विद्युतभारित कणांचा लोंढा साधारण एक ते तीन दिवसांत पृथ्वीपर्यंत पोहोचतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला अडवते. तरीही ध्रुवांच्या आसपास असे कण वातावरणात शिरतात आणि तेथील वायू उजळतात. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा प्रकाश देतो, तर दोनशे किलोमीटरच्या वर तोच तांबडा दिसतो.

क्वचित हा प्रकाश भारतातूनही दिसतो. लडाखमधील हान्ले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तेथील दोन मीटर व्यासाची दुर्बीण बंगळूरजवळच्या होसकोटेहून चालवली जाते. १० मे २०२४ च्या मध्यरात्रीनंतर या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावरची तांबडी आभा टिपली. २००३ नंतरचे ते सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ होते. प्रकाश फार दूरवर असल्याने त्याचा खालचा हिरवा भाग क्षितिजाआड राहिला आणि वरचा तांबडा तेवढा दिसला.

ही वादळे केवळ नेत्रसुख देत नाहीत. १८५९ च्या सप्टेंबरातील महावादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील उपकरणांनी केली होती. त्या वेळी युरोप-अमेरिकेतील तारयंत्रे बिघडली. मार्च १९८९ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांत सुमारे नऊ तास अंधारात बुडाला. आजचे उपग्रह आणि वीजवाहिन्या यांनाही हा धोका आहेच. म्हणूनच २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलेले इस्रोचे ‘आदित्य-एल१’ यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून सूर्यावर लक्ष ठेवून आहे. सूर्याचे प्रभामंडळ पाहणारे त्याचे मुख्य उपकरणही बंगळूरच्या याच संस्थेने तयार केले.

आता सहलीकडे वळू. ध्रुवप्रकाश थंडीमुळे दिसतो, असा अनेकांचा समज असतो. खरे तर तो बाराही महिने असतो. पण उत्तरेकडे उन्हाळ्यात रात्रीही उजेड असतो. त्यामुळे सप्टेंबर ते मार्च हा काळ योग्य. दिवसांची निवडही विचार करून करावी. आकाश ढगाळ असेल, तर प्रकाश कितीही तेजस्वी असला तरी व्यर्थ! एका रात्रीच्या भरवशावर न राहता चार-पाच रात्री हाताशी ठेवाव्यात. शहराच्या दिव्यांपासून दूर जावे आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटे द्यावीत.

छायाचित्रांवरही फार विसंबू नये. कॅमेरा काही सेकंद प्रकाश साठवतो, म्हणून रंग गडद येतात. फिकट ध्रुवप्रकाश डोळ्यांना अनेकदा पांढुरक्या ढगासारखाच वाटतो. कडाक्याच्या थंडीत बॅटरी लवकर उतरते. जादा बॅटरी अंगावरच्या कपड्यांत उबेला ठेवावी. एकच जाड कोट घालण्यापेक्षा कपड्यांचे तीन-चार थर अधिक ऊब देतात.

एवढे करूनही हमी कुणीच देऊ शकत नाही. तशी हमी देणाऱ्या जाहिरातींच्या अटी नीट वाचाव्यात. आणि बेत असा आखावा, की आकाश उघडलेच नाही तरी बर्फातली भटकंती, शेकोटी आणि मित्रांच्या गप्पा यांनी सहल वसूल व्हावी. मग एखाद्या रात्री आकाशात ती झालर हललीच, तर सोन्याहून पिवळे!