बँकेतील उमेदवारी : कशी मिळवावी व कशी पारखावी

'उमेदवारी' हा शब्द हल्ली बहुधा निवडणुकीपुरताच कानी पडतो. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी त्याचा एक निराळा अर्थ घरोघरी ठाऊक होता. शाळा संपवलेला मुलगा कचेरीत बिनपगारी बसे, दप्तर लावी, नकला उतरवी, आणि पुढे एखादी जागा रिकामी झाली म्हणजे तिला चिकटे. यालाच उमेदवारी करणे म्हणत. आज यवतमाळ, पुसद किंवा वणी येथील महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेऊन निघालेला मुलगा अथवा मुलगी 'मला खासगी बँकेत इंटर्नशिप मिळते आहे' असे सांगते, तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी थोडी गोंधळतात. वस्तुतः शब्द तेवढा नवा आहे, गोष्ट जुनीच. म्हणून जुन्या उमेदवारीच्या वेळी जो प्रश्न विचारला जाई, तोच येथेही विचारावयास हवा. तो प्रश्न म्हणजे, या जागी मूल शिकणार काय?

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. खासगी बँक आणि 'प्रायव्हेट बँकिंग' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जी बँक सरकारच्या मालकीची नाही ती खासगी बँक. तिच्या शाखा आता तालुक्याच्या गावीही दिसतात. प्रायव्हेट बँकिंग हा बँकेतील एक विशेष विभाग असून, मोठ्या धनिकांची मिळकत सांभाळणे, तिची गुंतवणूक व वाटणी यांविषयी सल्ला देणे हे त्याचे काम होय. हे काम मुख्यतः मुंबईसारख्या शहरी चालते. आपल्या जिल्ह्यातील पदवीधराने तेथे कधीच पोहोचू नये असे नाही. परंतु पहिली पायरी बहुधा साध्या शाखेचीच असते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

याला उत्तम दाखला सर सोराबजी पोचखानवाला यांचा. हा गृहस्थ परकीयांच्या चार्टर्ड बँकेत कारकून म्हणून लागला. काम करता करता त्यांनी लंडनच्या बँकर्स इन्स्टिट्यूटची परीक्षा दिली, पुढे बँक ऑफ इंडियात हिशेबनिसाचे काम केले, आणि १९११ साली सेंट्रल बँक ऑफ इंडिया स्थापन केली. ही बँक १९६९ पर्यंत खासगीच होती; त्या वर्षी तिचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि अग्रणी बँकेच्या योजनेत यवतमाळ जिल्हा तिच्याकडे आला. म्हणजे ज्या बँकेकडे आपल्या जिल्ह्याच्या कर्जवाटपाची जुळवाजुळव सोपवली गेली, तिचा संस्थापक स्वतः कारकुनीतून वर आलेला होता. पोचखानवालांची उमेदवारी फळली ती नुसते टेबल मिळाल्यामुळे नव्हे. समोरच्या खतावणीचा अर्थ समजून घेण्याची त्यांना भूक होती, आणि त्या भुकेला त्यांनी परीक्षेच्या अभ्यासाची जोड दिली.

आता कोणी म्हणेल की, यवतमाळसारख्या आडबाजूच्या जिल्ह्यात अर्थशास्त्र ते काय शिकावयाचे? आमचे मत उलट आहे. कर्ज म्हणजे काय, ते येथे जितके स्पष्ट दिसते तितके मोठ्या शहरातही दिसत नाही. साध्या कर्जाचा हप्ता किंवा व्याज नव्वद दिवसांहून अधिक थकले, म्हणजे बँक ते खाते अनुत्पादक धरते. अल्प मुदतीच्या पिकासाठी दिलेल्या कर्जाला मात्र हा नियम लागत नाही. तेथे दोन हंगाम उलटावे लागतात. हा भेद का केला? कारण नोकरदाराचा पैसा महिन्याला येतो, आणि कापूस किंवा सोयाबीन पेरणाऱ्याचा वर्षातून एकदा. पाऊस गेला, बोंडअळी पडली किंवा भाव कोसळला, तर तोही येत नाही. कर्जापायी या जिल्ह्यातील किती शेतकऱ्यांनी जीव दिला, हे येथील वाचकांना सांगावयास नको. ज्या उमेदवाराने सातबारा, तारण, हंगाम आणि परतफेड यांचा हा संबंध एका खात्यावरून जरी नीट समजून घेतला, तो पुढे मुंबईतल्या कारखान्याचा ताळेबंदही त्याच नजरेने वाचील. पैसा येणार कोठून, केव्हा, आणि न आल्यास काय, हे तीन प्रश्न सर्वत्र सारखेच आहेत.

उमेदवारीच्या वाटा मुख्यतः चार. पहिली, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालची. यात लेखी करार असतो, मुदत ठरलेली असते आणि विद्यावेतन द्यावेच लागते. २०१९ च्या नियमांनी पदवीधरास ते दरमहा किमान ९,००० रुपये ठरवले. स्टेट बँकेने २०२३ च्या भरतीत १५,००० रुपये देऊ केले होते. मुदत संपल्यावर कायम नोकरी देण्याचे बंधन मात्र बँकेवर नसते. दुसरी वाट २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेची. तिच्या पहिल्या फेरीत २१ ते २४ वयाच्या तरुणांना वर्षभर दरमहा ५,००० रुपये व आरंभी एकदा ६,००० रुपये देण्याचे ठरले. परंतु ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांहून अधिक, किंवा ज्यात कोणी कायम सरकारी नोकरीत आहे, त्यांना ती खुली नव्हती. तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी अटी वाचाव्या. तिसरी, सुट्टीतील दोन-तीन महिन्यांची खासगी बँकांची इंटर्नशिप. चौथी वाट म्हणजे काही खासगी बँका शिक्षणसंस्थांशी मिळून चालवतात ते अभ्यासक्रम. यांत शाखेतील उमेदवारीही असते आणि शेवटी नोकरीही देऊ करतात. परंतु फी विद्यार्थ्यालाच भरावी लागते, व ती भारी असल्याने पुष्कळदा त्यासाठीच कर्ज काढावे लागते. ज्याला कर्ज पारखण्याचा धंदा शिकावयाचा, त्याने आपले हे पहिले कर्ज तरी पारखून घ्यावे, हे उघड आहे.

याखेरीज स्वतंत्र परीक्षाही आहेत. म्युच्युअल फंड विकण्यास 'सेबी'ने २००६ साली स्थापलेल्या राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेची परीक्षा लागते. बँकेत लागलेल्यांसाठी बँकिंग संस्थेच्या 'जेएआयआयबी' व 'सीएआयआयबी' या परीक्षा आहेत. त्यांचा अभ्यास घरी बसून होतो, आणि त्या उमेदवारीला कणा देतात.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळू. एकत्र कुटुंबांनी तिचा विशेष विचार करावा असे आम्हांस वाटते. पुष्कळ ठिकाणी उमेदवाराला पहिल्याच आठवड्यात खात्यांचा आणि विमा पॉलिसींचा आकडा ठरवून दिला जातो. बावीस वर्षांच्या मुलाची ओळख ती किती असणार? तो घरी येतो आणि काकांची मुदत ठेव, आत्याची निवृत्तीची पुंजी, आजीची जपून ठेवलेली रक्कम यांवर त्याची नजर जाते. नातवाचे मन मोडू नये म्हणून आजी सही करते. ज्या कागदावर सही केली त्यात पैसा पाच-दहा वर्षे अडकतो, हे तिला ठाऊक नसते. अनेकदा नातवालाही नसते. यात लबाडी कोणाचीच नाही असे वाटते, पण नुकसान मात्र खरे होते. शिवाय मुलगा यातून बँकिंग शिकत नाही. जवळच्या माणसांचा विश्वास खर्चून आकडा कसा गाठावा, एवढेच शिकतो. आयुर्विम्याची पॉलिसी पसंत न पडल्यास हाती आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. ही मुदत २०२४ पासून वाढली आहे, ती घरात सर्वांना माहीत असावी.

पैशाचा विश्वास किती नाजूक असतो, हे यवतमाळने नुकतेच पाहिले आहे. येथील बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर २०२१ च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदाराला केवळ ५,००० रुपये काढण्याची मुभा राहिली; पुढच्या वर्षी तिचा परवाना रद्द झाला. ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा असतो. ही मर्यादा २०२० पर्यंत एकच लाख होती. या विम्यामुळे बहुसंख्य ठेवीदारांना पूर्ण रकमेचा हक्क मिळाला; त्यावरच्या रकमेला मात्र विम्याचे संरक्षण नव्हते. अशा वेळी घरात एक जरी माणूस ताळेबंद वाचणारा असेल, सर्व पुंजी एकाच ठिकाणी नसावी हे वेळीच सांगणारा असेल, तर त्याचे शिक्षण साऱ्या कुटुंबाच्या कामी येते.

म्हणून मुलाने किंवा मुलीने इंटर्नशिपचे पत्र आणले, तर वडीलधाऱ्यांनी चार गोष्टी शांतपणे विचाराव्या. करार लेखी आहे काय, आणि पत्र बँकेचे आहे की मध्यस्थाचे? विद्यावेतन किती, व उलट आपल्याकडून काही रक्कम मागितली जाते काय? काम कोण शिकवणार, आणि कर्जाचा एक तरी प्रस्ताव आरंभापासून शेवटपर्यंत पाहावयास मिळणार काय? आणि विक्रीचा आकडा असल्यास तो गाठला नाही तर प्रमाणपत्र अडवणार काय? उत्तरे समाधानकारक असली तर पगार थोडका म्हणून मोडता घालू नये. मुलगी असली तर नागपूर-पुण्यास राहावे लागेल एवढ्याच कारणाने नकार देऊ नये. उत्तरे संशयास्पद असली, तर बँकेचे नाव कितीही मोठे असो, थांबावे.

घरच्यांनी आपणही एक पथ्य पाळावे. मुलाचा आकडा पुरा व्हावा म्हणून सही करू नये. त्याने योजनेचा कागद समोर ठेवून व्याज, मुदत आणि धोका समजावून दिला, आणि तो आपल्याला पटला, तरच करावी. आजीला समजेल अशा मराठीत ज्याला हे सांगता आले, त्याची उमेदवारी सार्थकी लागली असे खुशाल समजावे. कारण पुढे कोणाचीही मिळकत सांभाळावयाची झाली, तरी त्याला हेच करावयाचे आहे.