मातीची ओल आणि मंडीचा भाव

पावसाळा सरताना माळव्याच्या काळ्या मातीत ओल किती उरली, यावर गहू-हरभऱ्याचा पेरा अवलंबून असतो, हे धार व देवास येथील व्यापारी बंधूंस नव्याने सांगावयास नको. शेतकऱ्यास आपल्या शेताची ओल ठाऊक. साऱ्या मुलखाची वार्ता मात्र अडत्यांकरवी पेढीलाच प्रथम कळे, आणि भाव त्यावर फुटे.

आता ही वार्ता आकाशातून येऊ लागली आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेने डिसेंबर २०१६ मध्ये 'सिग्नस' नावाचे ८ लहान उपग्रह सोडले. प्रत्येकाचे वजन सुमारे ३० किलो, म्हणजे गव्हाच्या अर्ध्या पोत्याहून किंचित अधिक! मूळ हेतू समुद्रावरील चक्रीवादळांचा वारा मोजण्याचा. मोटारींना वाट दाखविणारे जीपीएसचे संकेत सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून अहर्निश भूमीवर पडत असतात. शांत पाणी ते आरशाप्रमाणे ठळक परतविते, ओली माती त्याहून कमी आणि कोरडी माती अगदीच क्षीण. हे परतलेले संकेत टिपून ओल व पूर यांचा अंदाज बांधता येतो, असे पुढे आढळून आले. स्वतः संकेत सोडावयाचा खर्च नाही. शेजाऱ्याच्या दिव्यात आपली वही लिहावी तसे हे काम. ढगांचा वा रात्रीचा अडसर नाही. युरोपीय अवकाश संस्थेने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी सोडलेले 'हायड्रोजीएनएसएस'चे २ उपग्रह तर मुख्यतः जमिनीवरील पाण्यासाठीच आहेत.

तथापि यावर डोळे झाकून सौदे करू नयेत. ही नजर मातीच्या वरच्या सुमारे ५ सेंटीमीटर थरापुरती. आमची काळी माती वरून भेगाळली तरी खाली ओल धरून असते, आणि हरभऱ्याचे मूळ ती शोधते. ज्या देवासला एके काळी रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच जिल्ह्यात २००६ पासून शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत 'रेवासागर' शेततळी खणली. असे एकेक तळे या किलोमीटरांत मोजणाऱ्या नजरेस दिसावयाचे नाही.

सिग्नसची मोजमापे नासा सर्वांस विनामूल्य देते. आपल्या मंडळाने दर पंधरवड्यास त्यांवरून नकाशा करवून तो मंडीच्या फळ्यावर, भावाशेजारी लावावा, अशी आमची सूचना आहे. सोयाबीन विकावयास आलेला शेतकरीही तो पाहील. मग नफा कोठून, असे काही बंधू विचारतील. प्रतवारी, साठवण आणि वेळेवर चुकता केलेला पैसा यांत तो आजही आहे. नकाशाचे काम कोणाकडे सोपवावयाचे, एवढे येत्या सभेत ठरावे.