कोणता सामना धरायचा?

राष्ट्रीय फुटबॉल संघाचा विक्रम मोजताना आधी सामना तपासला जातो, गोल नंतर. दोन्ही देशांच्या संघटनांनी आपला मुख्य संघ उतरवला असेल तर तो सामना ‘अ’ दर्जाचा. ऑलिंपिक संघ, तेवीस वर्षांखालील संघ, ‘ब’ संघ, क्लब यांच्याशी झालेला खेळ त्यात बसत नाही. व्याख्या एवढीच आहे. भांडणे होतात ती जुने सामने या व्याख्येत बसवताना, कारण त्यांतले बरेच ती व्याख्या ठरण्यापूर्वी खेळले गेले.

पहिल्याच सामन्यापासून हा पेच आहे. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत स्कॉटलंड आणि इंग्लंड ०-० बरोबरीत सुटले, आणि तोच पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना मानला जातो. त्याआधी १८७० ते १८७२ या काळात लंडनच्या ओव्हल मैदानावर याच नावांचे संघ पाच वेळा भिडले होते. पण त्यांतला स्कॉटिश संघ बहुतांशी लंडन परिसरात राहणाऱ्यांतून उभा केलेला असे. म्हणून ते पाचही सामने मोजणीबाहेर राहिले.

संघाच्या दर्जाचा प्रश्न याहून अवघड, कारण एकाच सामन्यात दोन बाजूंचे दर्जे वेगळे असू शकतात. १ नोव्हेंबर १९०६ रोजी पॅरिसमध्ये इंग्लंडने फ्रान्सला १५-० असे झोडपले. फ्रान्ससाठी तो राष्ट्रीय संघाचा सामना होता आणि तो पराभव फ्रेंच नोंदीत आजही आहे. इंग्लंडने मात्र हौशी खेळाडूंचा संघ पाठवला होता. व्यावसायिक खेळाडूंचा मुख्य संघ वेगळा. त्यामुळे इंग्लंडच्या नोंदीत हा विजयच नाही. हरलेल्याने सामना धरला आणि जिंकलेल्याने सोडला. भारताची गोष्ट या दृष्टीने सोपी होती: १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवणारा आणि त्यात नेव्हिल डिसूझाने हॅटट्रिक केलेला संघ हौशी असला तरी तोच देशाचा मुख्य संघ होता.

प्रतिस्पर्धी देशच नसेल तर? इंग्लंडची संघटना १९६३ चा वेम्बलीवरचा ‘उर्वरित जग’ संघाविरुद्धचा सामना पूर्ण आंतरराष्ट्रीय मानते आणि जिमी ग्रीव्ह्जच्या ४४ गोलांत त्या दिवसाचा गोलही आहे. क्रिकेटवाल्यांना हे ओळखीचे वाटेल. राहुल द्रविडच्या १३,२८८ कसोटी धावांत २००५ साली सिडनीत विश्वसंघाकडून काढलेल्या २३ धावा आहेत, आणि त्या सामन्याला कसोटी म्हणायला काही आकडेतज्ज्ञ तेव्हाच तयार नव्हते.

या प्रश्नाचा सर्वांत गाजलेला बळी पेले. फिफाच्या हिशेबात त्याचे ब्राझीलसाठी ९२ सामन्यांत ७७ गोल. ब्राझीलच्या महासंघाच्या हिशेबात ९५. क्लब संघांविरुद्ध राष्ट्रीय संघाने खेळलेले सामने महासंघ धरतो, फिफा धरत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये मालेत सॅफ स्पर्धेत सुनील छेत्रीने ७७ चा आकडा ओलांडला तेव्हा भारतात जो जल्लोष झाला, तो फिफाच्या वहीवर उभा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये बोलिव्हियाविरुद्ध दोन गोल करून ७९ वर पोहोचलेल्या नेमारचेही तसेच. भारतीयांनी आपल्या घरची वहीही उघडून पाहायला हवी. २००९ च्या नेहरू चषकात बायचुंग भूतियाच्या शंभराव्या सामन्याचा गौरव झाला, पण स्वतंत्र मोजणीत त्याची संपूर्ण कारकीर्दच ऐंशीच्या आसपास भरते.

कधी सामना सर्व बाजूंनी चोख असतो आणि नियमच आड येतो. फेब्रुवारी २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडचे प्रशिक्षक स्वेन-गोरान एरिक्सन यांनी मध्यंतराला अकराच्या अकरा खेळाडू बदलले. पुढच्याच वर्षी मैत्रीपूर्ण सामन्यांत बदली खेळाडूंची संख्या सहावर बांधली गेली. मे २०१४ मध्ये बेल्जियमने लक्झेंबर्गला ५-१ असे हरवले, त्यात रोमेलू लुकाकूची हॅटट्रिक होती. बेल्जियमने सात खेळाडू बदलल्याचे नंतर लक्षात आले, फिफाने सामन्याची मान्यता काढली आणि लुकाकूचे तिन्ही गोल गेले. ज्याने गोल केले त्याचा यात काहीच दोष नव्हता, हे या नियमाचे खरे दुखणे. याच्या उलट टोकाला सप्टेंबर २०१० चा बहरीनमधला सामना आहे: तिथे बहरीनने ३-० असे हरवलेला ‘टोगो’ हा संघच बनावट निघाला.

शोकांतिकेनेही नोंद पुसली जाते. ५ एप्रिल १९०२ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंड-इंग्लंड सामन्यात लाकडी प्रेक्षागार कोसळून पंचवीस जणांचा मृत्यू झाला. खेळ पूर्ण झाला, १-१ बरोबरीही झाली, पण सामना रद्द ठरवून मे महिन्यात बर्मिंगहॅममध्ये पुन्हा घेतला गेला.

अंतिम शब्द कोणाचा, याचे उत्तर एक नाही. फिफाची यादी आहे, प्रत्येक देशाच्या संघटनेची आहे, आणि १९९४ पासून जगभरच्या हौशी आकडेतज्ज्ञांनी चालवलेल्या आरएसएसएसएफ या संस्थेचीही. जुन्या-नव्या सामन्यांची आकडेवारी गोळा करणे आणि ताडून पाहणे हे या संस्थेचे काम. मलेशियाचा सोह चिन आन फिफाच्या हिशेबात १९५ सामने खेळला. ऑलिंपिकसंबंधीचे सामने मिळवले की त्याचा आकडा बराच वर जातो.

अशा फेरतपासणीने पूर्ण झालेला विक्रमही हलतो. इराणच्या अली दाईचे गोल अनेक वर्षे १०९ धरले जात. त्यामुळे क्रिस्तियानो रोनाल्डोने १ सप्टेंबर २०२१ रोजी आयर्लंडविरुद्ध ११० वा आणि १११ वा गोल केला, तेव्हा विक्रम मोडल्याची घोषणा झाली. पुढे एक सामना वगळून दाईचे गोल १०८ लावले जाऊ लागले. हा हिशेब मानला तर विक्रम आयर्लंडविरुद्ध मोडलाच नव्हता. तो त्याआधीच, २३ जून २०२१ रोजी बुडापेस्टमध्ये फ्रान्सविरुद्धच्या दुसऱ्या पेनल्टीवर मोडला होता. त्या रात्री स्टेडियममधल्या कोणालाही ते कळण्याचा प्रश्नच नव्हता.