नर्सच्या बोटात सुई घुसू नये म्हणून काय करतात? एडी सिरिंज आणि हब कटर समजून घ्या

लस देऊन झाल्यावर नर्सताई सुईचं काय करतात, कधी बघितलंय का? किनवटच्या डोंगराळ भागात, मांडवी-इस्लापूरकडच्या एखाद्या वाडीवर लसीकरण असो की मुंबईचं मोठं हॉस्पिटल, नियम एकच: वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. कारण टोपण लावताना नेम चुकला की सुई थेट दुसऱ्या हाताच्या बोटात!

मग सुई जाते हब कटरमध्ये. हा पेन्सिलच्या शार्पनरसारखा वाटतो, पण सुई जिथे सिरिंजला जोडलेली असते तो भागच कापतो. सुई खालच्या जाड डब्यात पडते, तिला कुणाचा हात लागत नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुयांसाठी पांढरा, आरपार दिसणारा, न टोचला जाणारा डबा लागतो.

आता एडी, म्हणजे ऑटो डिसेबल सिरिंज. दट्ट्या पूर्ण दाबला की आतली क्लिप तो लॉक करते, परत ओढताच येत नाही. भारी आयडिया आहे, पण इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. ही सिरिंज दुसऱ्या पेशंटला वाचवते, नर्सला नाही! सुई तर उघडीच राहते ना. नर्ससाठी वेगळ्या सिरिंज असतात, ज्यात काम झालं की सुई आत ओढली जाते किंवा तिच्यावर कव्हर सरकतं. त्या महाग पडतात, म्हणून सगळीकडे दिसत नाहीत.

तरी टोचलीच तर? पेशंटला एचआयव्ही असेल तर धोका साधारण हजारात ३. हिपॅटायटिस बी मात्र लस न घेतलेल्याला शंभरात ३० पर्यंत होऊ शकतो, म्हणून नर्सनी त्या लसीचे तिन्ही डोस घेतलेले हवेत. जखम साबण-पाण्याने धुवायची, बोट पिळायचं नाही, आणि लगेच डॉक्टरांना सांगायचं. एचआयव्ही रोखणारी औषधं शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे पहिला डोस जवळच्याच सरकारी दवाखान्यात मिळणं किती गरजेचं ते बघा. माहितीसाठी १०९७ हा फ्री नंबर आहे.

आणि हो, घरी आजीला इन्सुलिन देत असाल तर ती सुई केराच्या पिशवीत टाकू नका. जाड प्लास्टिकच्या डब्यात जमवा, वर 'सुया' असं लिहा. कचरा उचलणाऱ्या मावशींच्या हातात हब कटर नसतो.