रायगडच्या समुद्रावरचे ढग आणि रडारवरचा वारा

रायगडच्या किनाऱ्यासमोर पावसाळी ढगांच्या आत वारा कसा वाहतो, हे मुख्यतः मुंबईच्या डॉप्लर रडारवरून कळते. भारतीय हवामान विभागाचे कुलाब्याचे रडार सुमारे 10 सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडते. 2022 पासून वेरावलीचे दुसरे रडारही जोडीला आहे.

लहरी थेंबांवर आदळून परततात. थेंब वाऱ्याबरोबर सरकत असल्याने लागोपाठच्या स्पंदांच्या परतीच्या लहरींत किंचित फरक पडतो आणि त्यावरून वेग काढतात. मात्र हा वेग फक्त रडारकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा असतो. अलिबाग कुलाब्याच्या जवळजवळ दक्षिणेला, सुमारे 30 किलोमीटरवर आहे. पश्चिम-नैर्ऋत्येचा मोसमी वारा तिथे किरणाला जवळपास काटकोनात वाहतो. त्यामुळे तो कितीही जोराचा असला तरी पडद्यावर वेग शून्याच्या आसपास दिसतो.

म्हणून रडारभोवतीच्या पूर्ण वर्तुळावरचे वेग क्रमाने मांडतात. त्यांची लाटेसारखी वक्ररेषा तयार होते आणि तिच्या चढउतारावरून त्या उंचीवरच्या वाऱ्याची दिशा व वेग ठरतो. खालच्या थरात वर्तुळाची सरासरी आत येणाऱ्या वेगाकडे झुकली, तर हवा तिथे एकवटते आहे. तिला वर जाण्यावाचून वाट नसते. बाष्प पुरेसे असले की ढग वाढतात.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वारा ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. असे वादळ कुलाब्याच्या दक्षिणेला असताना डोळ्याच्या पूर्वेचा वारा रडारकडे येतो, पश्चिमेचा दूर जातो. पडद्यावर उलट वेगांची जोडी शेजारीशेजारी उमटते. पण सेकंदाला 1000 स्पंद सोडले, तर या रडारला सेकंदाला 25 मीटरपर्यंतचाच वेग नीट मोजता येतो. सेकंदाला 30 मीटर वेगाने येणारा वारा 20 मीटर वेगाने दूर जाताना दिसतो. स्पंद वाढवले तर पल्ला घटतो. त्यामुळे दोन वेगळ्या दरांनी स्पंद सोडून दोन्ही उत्तरांचा मेळ घालतात.

दोन रडारांच्या नोंदी जोडूनही वाऱ्याची खरी दिशा काढता येते, पण त्यासाठी किरणांत पुरेसा कोन लागतो. वेरावली आणि कुलाबा दोन्ही अलिबागच्या उत्तरेला असल्याने तिथे हा कोन फार लहान पडतो. श्रीवर्धनपर्यंत, म्हणजे सुमारे 100 किलोमीटरवर, क्षितिजापासून अर्धा अंश वर सोडलेला किरण या कलामुळे आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे जवळपास दीड किलोमीटर उंच गेलेला असतो. त्याखालचा वारा रडारच्या नजरेत येत नाही. खुल्या समुद्राच्या पृष्ठावरच्या वाऱ्यासाठी मग ईओएस-06 सारख्या उपग्रहावरील स्कॅटरोमीटरची नोंद घेतात.