मोटर लांब, वायर बारीक

विहिरीवरची सिंगल फेज मोटर मीटरपासून 50 मीटरवर आहे आणि मधे 1 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली आहे, असे धरू. प्रवाह जाऊन परत येतो, त्यामुळे हिशोबात लांबी धरायची 100 मीटर. एवढ्या वायरचा रोध सुमारे 1.7 ओहम. मोटरने 10 अँपिअर ओढले की 17 व्होल्ट वाटेतच जातात. सुरू होताना तर ती याच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि घटही त्याच पटीत वाढते. मोटर नुसतीच घूं घूं करते, फिरत नाही, याचे कारण अनेकदा हेच असते. दोष मात्र कपॅसिटरवर जातो.

वायर 4 चौरस मिलिमीटरची घेतली, की रोध पाव होतो. व्यास दुप्पट म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ चौपट, हे विसरू नये. अ‍ॅल्युमिनियम स्वस्त, पण त्याच मापात रोध तांब्याच्या सुमारे 1.6 पट. शेगडीतल्या निक्रोमचा साठपटींहून अधिक, पण तिथे तो हवाच असतो.

तापलेल्या तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.4 टक्के वाढतो. उरलेल्या वायरचे वेटोळे तसेच ठेवून मोटर कधीही चालवू नका: आतल्या वेढ्यांची उष्णता कोंडते, रोध आणखी वाढतो आणि आवरण वितळू शकते. गंजलेल्या, सैल जोडाचा रोध तर या हिशोबात धरलेलाच नाही. तो आधी तपासा.